न पाहिलेल्या चित्रपटाचा दर्जा
ठाण्यातल्या आमच्या चित्रपट मंडळाच्या निवड समितीला खुलं पत्र

माननीय सदस्य,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत होणाऱ्या बालचित्रपट सप्ताहासाठी सभासदांनी सुचवलेल्या चित्रपटांची यादी, तुमच्या शेऱ्यांसकट, परवा ग्रुपवर आली. मी सुचवलेल्या 'अँट-मॅन अँड द वास्प' या २०१८ च्या चित्रपटापुढे शेरा आहे : "हलकाफुलका. दुसरा भाग. कॉमिकवर आधारित. जग वाचवण्याचा तोच खेळ. सप्ताहाच्या दर्जास अनुरूप नाही."

नकाराबद्दल माझी तक्रार नाही. प्रदर्शनाचे हक्क मिळत नाहीत, भाडं परवडत नाही, असं लिहिलं असतंत तर मी त्याच दिवशी दुसरं नाव सुचवलं असतं. पण तुम्ही नकाराचं कारण म्हणून चित्रपटाचं मूल्यमापन केलंत, आणि ते चित्रपट न बघता केलंत असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. मंडळाचं नाव इथे लिहीत नाही, कारण हा शेरा आपल्या एकट्या मंडळाचा नाही. वर्तमानपत्रातल्या परीक्षणांपासून सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी काय लावायचं या चर्चेपर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं. म्हणून पत्र खुलं ठेवलं.

माझा या सगळ्याशी संबंध काय, तेही सांगते. माझ्या वडिलांची नौपाड्यात छोटी सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. शाळेतून आले की गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि परत आलेल्या पुस्तकांची पानं मोजून घ्यायची, हे माझं काम. आता तुमच्या सप्ताहात दरवर्षी मुलांना रांगेत बसवणं, मध्येच उठणाऱ्यांना पाणी देणं आणि रडणाऱ्यांना बाहेर नेणं हे काम माझ्याकडे असतं. तुम्ही बहुतेक जण उद्घाटनाचं भाषण झालं की निघता. मी शेवटपर्यंत थांबते, त्यामुळे मुलं कोणत्या मिनिटाला चुळबुळ करायला लागतात ते मला माहीत असतं.

आधी चौथा शेरा घेते, कारण तो आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. या चित्रपटात कोणीही जग वाचवत नाही. जगाला धोकाच नाही मुळी. स्कॉट लँग, म्हणजे खास पोशाख घालून मुंगीएवढा होणारा अँट-मॅन, हा माजी चोर सॅन फ्रान्सिस्कोमधल्या आपल्या घरात नजरकैदेत आहे, पायात ट्रॅकर आहे आणि सुटकेला तीन दिवस उरलेत. होप, म्हणजे वास्प, आणि तो पोशाख बनवणारे तिचे वडील हँक पिम यांना होपच्या आईला परत आणायचंय. ती १९८७ मध्ये एक क्षेपणास्त्र निकामी करताना अणूपेक्षाही लहान झाली आणि तिकडेच अडकली. तिसरीकडे एव्हा नावाची तरुण मुलगी आहे. लहानपणच्या एका अपघातापासून तिचं शरीर सतत विरतंय आणि पुन्हा जुळतंय, ते तिला वेदनांसकट सहन करावं लागतंय आणि तिच्या हातात फार दिवस नाहीत. एका मुलीला आई हवी आहे, दुसरीला स्वतःचा जीव, आणि दोघींना लागणारी प्रयोगशाळा एकच आहे. एवढंच भांडण. शेवटी एव्हाला कोणी आकाशातून खाली आपटत नाही. होपची आई तिच्या डोक्याला हात लावते आणि तिची वेदना कमी करते.

सप्ताहासाठी तुम्ही निवडलेल्या चित्रपटांपैकी किती चित्रपटांत समोरच्या माणसाचं दुःख ओळखून मारामारी थांबवली जाते, हे एकदा तपासून बघा. "जग वाचवण्याचा तोच खेळ" हे वाक्य पोस्टर बघून लिहिलेलं आहे. माझा मूळ आक्षेप हाच. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता "हलकाफुलका". हा शेरा तुम्ही दोष म्हणून पहिल्याच जागी लिहिलात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

मुलांना हसवणारा दोन तासांचा चित्रपट करायला काय लागतं, याचा विचार करून बघू. या चित्रपटातला जवळजवळ प्रत्येक विनोद आकाराचा आहे. हँकची अख्खी बहुमजली प्रयोगशाळा लहान होते, तिला दांडा आणि चाकं असतात आणि म्हातारा ती ट्रॉली बॅगेसारखी ओढत चालू लागतो. खऱ्या मोटारी लहान करून खेळण्यातल्या गाड्यांच्या पेटीत ओळीने ठेवलेल्या असतात, हवी ती काढायची आणि मोठी करायची. (घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलेल्या प्रत्येक ठाणेकराने हे स्वप्न पाहिलेलं आहे. त्या दृश्याला आपल्याकडे मोठी माणसं मुलांपेक्षा जोरात हसतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.) पाठलागात होप खाऊच्या गोळ्यांची छोटी डबी भर रस्त्यात प्रचंड मोठी करून मागच्यांच्या अंगावर सोडते. स्कॉटचा पोशाख बिघडतो तो नेमका मुलीच्या शाळेत, आणि तो ना मुंगीएवढा राहतो ना माणसाएवढा, तर बालवाडीतल्या पोराएवढा होतो आणि कोणाचा तरी टोपीवाला स्वेटर घालून व्हरांड्यातून पळत सुटतो.

यातलं काहीही आपोआप विनोदी होत नाही. वस्तू लहान झाली हे कळायला शेजारी नेहमीच्या आकाराची वस्तू दिसावी लागते, ती आधी दाखवून ठेवावी लागते आणि नजर तिथे पोचल्यावर एक क्षण थांबावं लागतं. अर्धा सेकंद लवकर झालं तर हसू येत नाही, उशीर झाला तर प्रेक्षक पुढे गेलेला असतो. दिग्दर्शक पेटन रीडने हे सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर धावत्या गाड्यांमध्ये साधलंय. गंभीर प्रसंगात अभिनेता जरा कमी पडला तर पार्श्वसंगीत सांभाळून घेतं. विनोदाला अशी उसनी मदत मिळत नाही, आणि सभागृह गप्प बसलं की सगळ्यांना ते लगेच कळतं.

तुम्हाला हे माहीत नाही असं नाही. गडकरी रंगायतनला फार्स लागला की आपल्या समितीतले काही जण पहिल्या पाच रांगांत बसून पोट धरून हसताना मी पाहिलेत, आणि मध्यंतरात वडा खाताना "टायमिंग काय होतं!" म्हणतानाही ऐकलंय. दार कधी उघडायचं, कोणी कोणत्या पलंगाखाली लपायचं, याचं कौतुक तिथे करता. तीच कारागिरी एका मुंगीएवढ्या माणसाने दाखवली की दर्जा का घसरतो?

आपल्या परंपरेतही हलक्या सुराला कधी खालची पायरी नव्हती. दशावतारात वेद पळवणारा संकासुर मालवणीत टोलेबाजी करतो आणि लोक रात्रभर बसतात. देवळाच्या आवारात, देवासमोर. तमाशातली गवळण मावशीशिवाय पुढे सरकत नाही. या चित्रपटातला लुईस, स्कॉटचा मित्र, प्रश्न एक विचारला तर उत्तर तीन फाटे फोडून देतो. तो सांगत असताना पडद्यावर दिसणाऱ्या इतर सगळ्या पात्रांच्या तोंडी लुईसचाच आवाज आणि लुईसचीच भाषा असते. एकट्याने सगळ्यांची सोंगं वठवणारा कीर्तनकार बघितलेल्या आजीला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी एक. हा चित्रपट आला तो 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' नंतर दोन-अडीच महिन्यांत. याच मालिकेतल्या त्या चित्रपटात अर्धी जीवसृष्टी धूळ होऊन गेली होती आणि आमच्या इमारतीतली पोरं दोन दिवस धड जेवली नव्हती. त्यांना त्या क्षणी कशाची गरज होती, ते या मंडळींनी ओळखलं : एक बाप, जो घराबाहेर पडू शकत नाही म्हणून घरातच पुठ्ठ्यांचं भुयार बांधून मुलीबरोबर रांगतोय आणि शेवटी जिन्यावरून घसरगुंडी खेळतोय. श्रेयनामावलीच्या मधोमध मात्र तीच धूळ इथेही येते आणि सभागृह एकदम गप्प होतं. दोन तास हसवल्यावर मिळालेला तो धक्का जास्त लागतो. हे गणित ज्याला जमलं, त्याला उथळ म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

"दुसरा भाग" या शेऱ्याची मात्र मला गंमत वाटली. अँट-मॅन हा नायक झालाच मुळी दुसऱ्या भागात. जानेवारी १९६२ च्या 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' या कॉमिकच्या २७व्या अंकात हँक पिमची एक सुटी गोष्ट आली होती. शास्त्रज्ञ लहान होतो, वारुळात सापडतो आणि जीव वाचवून परत येतो. पोशाख नाही, पराक्रम नाही, गोष्ट संपली. तो शिरस्त्राण घालून अँट-मॅन म्हणून परत आला तो त्याच वर्षी ३५व्या अंकात. पुढच्या वर्षी, ४४व्या अंकात वास्प आली आणि त्याच १९६३ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या पहिल्या अंकात त्या टोळीला नाव सुचवलं ते वास्पनेच. चित्रपटाचा नायक स्कॉट लँग तर १९७९ चा, म्हणजे दुसरा अँट-मॅन. आजारी मुलीच्या उपचारासाठी पिमचा पोशाख चोरणारा. या माणसाच्या वंशावळीत पहिल्या भागापेक्षा दुसऱ्याचंच वजन जास्त आहे.

पैशांसाठी दुसरे भाग निघतात, हे मलाही कळतं. निघोत. प्रश्न असा विचारायचा की या दुसऱ्या भागाने पहिल्यात नसलेलं काय दिलं. २०१५ च्या पहिल्या चित्रपटात होप स्कॉटपेक्षा सगळ्याच बाबतीत तरबेज आहे, त्याला ठोसा मारायलाही तीच शिकवते, पण वडील तिला पोशाख घालू देत नाहीत. दुसऱ्यात तिला पंख मिळतात आणि पाटीवर नाव मिळतं. मार्व्हल स्टुडिओजच्या विसाव्या चित्रपटात, पहिल्यांदाच, नावात एक स्त्री आली. स्कॉटने चूक केली की होप ती निस्तरते, आणि चित्रपट त्यावरून स्कॉटची टिंगल करतो, तिची नाही. सप्ताहाला येणाऱ्यांत निम्म्या मुली असतात. पडद्यावर कोण धावतंय आणि कोण वाट बघतंय हे त्या बरोबर टिपतात.

दुसऱ्या भागाची किंमत मला खरी कळली ती तिसरा बघितल्यावर. २०२३ च्या तिसऱ्या भागात सगळी मंडळी थेट त्या सूक्ष्म जगात जातात, सगळ्या विश्वांचं भवितव्य पणाला लागतं, खलनायक धीरगंभीर संवाद म्हणतो. लुईस गायब. आणि मजा गेली. कारण त्या जगात ना मिठाची बाटली, ना शाळेचा व्हरांडा, ना खेळण्यातली गाडी. लहान-मोठं कशाशी ताडून बघणार? तुम्ही ज्याला दर्जा म्हणताय तो मिळवायला गेले आणि हातातलं गमावून बसले. तुमच्या निकषांनी बघितलं तर तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा सरस ठरेल, कारण त्यात जग खरोखर वाचवायचं आहे. एवढ्यावरून तरी निकषांत काहीतरी चुकतंय हे मान्य व्हावं.

"कॉमिकवर आधारित" याबद्दल फार लिहीत नाही. वडिलांच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक दोरीला चिमट्याने लावलेले असायचे. वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, बहादूर. ती मालिका १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली. त्या काळात ठाण्यातल्या किती मुलांनी शाळेच्या पुस्तकात वेताळ लपवून वाचला याची गणती कोणी ठेवलेली नाही. यांतलीच मुलं मोठी होऊन मराठी ग्रंथ संग्रहालयाची सभासद झालेली मी पाहिली. १८९३ साली ग्रंथालय उभारणाऱ्या गावाला वाचनाची भीती असायचं कारण नाही, चित्रांसकट असलं तरी. देवदेवतांची चित्रकथा आपण मुलांना वाढदिवसाला देतो, तेव्हा हा आक्षेप कुठे जातो?

रूपांतर म्हणून या चित्रपटाला काही विचारायचंच असेल तर असं विचारा की मुळातलं काय ठेवलं आणि काय बदललं. कॉमिकमधला घोस्ट हा पुरुष आहे, १९८७ च्या 'आयर्न मॅन'मधला, कंपन्यांविरुद्ध घातपात करणारा. चित्रपटाने त्याची एव्हा केली, कंपन्यांविरुद्धचा घातपात काढून टाकला आणि तिला दुखणं दिलं. हा बदल मला चांगला वाटतो. तुम्हाला नसेल वाटत. पण मग त्यावर बोलू या ना.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणतच नाही. काळाबाजारवाल्या सनी बर्चचं उपकथानक केवळ पाठलाग लांबवायला आहे. तीस वर्षांनी आई भेटते, तो क्षण घाईत उरकलाय आणि तिथे मिशेल फायफरसारखी अभिनेत्री वाया गेली आहे. एव्हाची वेदना हाताच्या स्पर्शाने कशी कमी होते याचं स्पष्टीकरण कोणी देत नाही. विज्ञानाच्या नावाखाली दर दुसऱ्या वाक्यात 'क्वांटम' येतं. खुद्द स्कॉट त्याची टर उडवतो खरा, पण टर उडवल्याने पोकळी भरत नाही. एव्हाला सांभाळणाऱ्या, लॉरेन्स फिशबर्नच्या बिल फॉस्टरला आणखी दोन प्रसंग मिळायला हवे होते. तुमच्या शेऱ्यात यातलं एक वाक्य जरी असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

बाकी सप्ताहाच्या मंजूर यादीबद्दल एक निरीक्षण. एकात दुष्काळ आहे, एकात आईचं आजारपण, एकात हरवलेला भाऊ, एकात शाळा सुटलेला मुलगा. चारही चांगले आहेत, मी पाहिलेत. पण सुट्टीतल्या पूर्ण आठवड्यात मुलांनी खळखळून हसावं असा एकही चित्रपट नाही. मागच्या वर्षीही नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तेव्हा आपल्याच एका सदस्यांनी आजच्या पिढीच्या अभिरुचीवर चिंता व्यक्त केली. पिढीच्या आधी यादी तपासायला हवी होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सभासदाने सुचवलेला चित्रपट समितीतल्या किमान दोघांनी पूर्ण पाहिल्याशिवाय त्यावर शेरा लिहू नये. वेळ नसेल तर "पाहिला नाही" असं लिहावं, त्यात काही कमीपणा नाही.

निवडीचे निकष सूचना मागवण्याआधी लेखी जाहीर करावेत. "दर्जा" हा निकष ठेवायचा असेल तर तो कशाने मोजणार, तेही. पटकथा, अभिनय, वय, भाषा, भाडं, काहीही चालेल, पण आधी कळू द्या.

नकाराचं कारण खरं असेल तेच द्यावं. पैसे नसतील तर पैसे नाहीत म्हणावं. चित्रपटाच्या माथी दोष मारू नये.

सुपरहिरो, विनोदी, दुसरा भाग, अ‍ॅनिमेशन अशा जातींवरून चित्रपट बाद करणं बंद करावं. प्रत्येकाला त्याच्या जातकुळीच्या मापाने मोजावं आणि त्या मापात कमी पडला तर खुशाल बाद करावं.

सप्ताहापुरती तरी समितीत बारा ते सोळा वयोगटातली दोन मुलं घ्यावीत. मताचा अधिकार देऊन. फुलं द्यायला आणि दीप लावताना मेणबत्ती धरायला नव्हे.

आणि माझ्या प्रस्तावावर फेरविचार व्हावा. तो पाहून नाकारलात तर मी एक शब्द बोलणार नाही, खुर्च्या लावायला नेहमीसारखी येईन. बैठकीत बाजू मांडायला बोलावलंत तर वर लिहिलेले दोषही मीच सांगेन.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे असं समजलं. चित्रपट ११८ मिनिटांचा आहे. चहापाण्याची वेळ धरून बैठक अडीच तास आधी बोलावली तर सर्वांच्या सोयीचं होईल. लॅपटॉप आणि वायर मी आणते.

आपली,
मंडळाची एक सभासद
नौपाडा, ठाणे (पश्चिम)